पत्र्याखाली ठेवलेला आपत्कालीन साठा: सोलापुरातल्या एका भटकंती गटाचं प्रकरण

विजापूर रोडला एका दुमजली घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. शहरातल्या एका भटकंती गटाचं सगळं सामान बरीच वर्षं तिथंच असायचं. चार तंबू, दोन रोप म्हणजे चढाईचे दोर, हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे) आणि कॅराबिनरचा (रोप अडकवायच्या धातूच्या कड्यांचा) डबा, डझनभर हेडटॉर्च, सहा लाइफ जॅकेट, गॅसच्या छोट्या कुप्या, ताडपत्र्या, पाण्याचे कॅन आणि प्रथमोपचाराची पेटी. गट साध्यासुध्या माणसांचाच. दोन-तीन शिक्षक, बँकेतले काही जण, एक औषध दुकानदार, मोहोळकडचा एक द्राक्ष बागायतदार आणि कॉलेजची पोरं. हिवाळ्यात नळदुर्ग, हत्तरसंग कुडल, नान्नजचा माळ. पावसाळ्यात एखादी फेरी सह्याद्रीत. कधी उजनीच्या फुगवट्यावर पक्षी बघायला करमाळ्याच्या बाजूला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. त्यानंतर गटाने ठराव केला की हेच सामान आपत्तीच्या वेळी मदतीला काढायचं. वहीवर ‘आपत्कालीन साठा’ असं नाव पडलं, नीट यादी झाली, खोलीला कुलूप लागलं. माझ्या मते बिघाडाची सुरुवात तिथूनच झाली. आधी सामान सतत कुणा ना कुणाकडे फिरत असायचं. ‘साठा’ झाल्यावर त्याला हात लावायचा नाही असा अलिखित नियम झाला. पुढे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, भटकंती बंद पडली आणि सोलापूरचा अख्खा उन्हाळा ते सामान खोलीत पडूनच राहिलं.

१४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने जिल्ह्याला झोडपून काढलं. भीमा, सीना, बोरी, सगळ्या नद्या पात्राबाहेर आल्या. पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी घरांत शिरलं, अक्कलकोट तालुक्यात बोरीकाठच्या गावांची दैना झाली. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला, घरांवर ताडपत्र्या टाकायला आणि कोरडं खाणं पोचवायला गट निघाला. तेव्हा कुलूप निघालं.

साखर कारखान्यांच्या बंद हंगामात चिमण्या आणि टाक्यांवर उंचावर काम करणाऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण देणं हा माझा व्यवसाय. गटाचा मी सभासद नाही. ते परत आल्यावर “एवढा रोप बघून सांगा” म्हणून मला बोलावलं. रोप बघायला गेलो आणि सगळी खोलीच बघावी लागली.

काय निकामी निघालं

बारा हेडटॉर्चपैकी चार पेटले. बाकीच्यांत सेल तसेच राहिले होते आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवट कीट चढलं होतं. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि हवेशी मिळून त्याची पांढरी पूड होते. त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कानकोरण्याच्या कापसाने लावायचं, पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं. स्वस्तातले साधे पेन्सिल सेल गळले तर द्राव उलट आम्लधर्मी असतो, तिथे खायच्या सोड्याचं पाणी चालतं. अशा रीतीने पाच टॉर्च परत चालू झाले. उरलेल्या तिघांच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्याच खाल्ल्या गेल्या होत्या. टॉर्चमध्ये सेल ठेवायचे नाहीत, शेजारी पिशवीत ठेवायचे, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पण ठाऊक असून भागत नाही. ‘आणीबाणीला लगेच पेटला पाहिजे’ म्हणून कुणीतरी हौसेने सगळ्यांत सेल भरून ठेवले होते.

प्रथमोपचाराच्या पेटीत ओआरएसच्या पुड्यांचे खडे झाले होते, दोन पुड्या तपकिरी पडल्या होत्या. पुडीतली पावडर मोकळी आणि पांढरी असली पाहिजे. गठ्ठा झाला किंवा रंग बदलला की ती तारखेत असली तरी टाकायची. चिकटपट्टीचा डिंक वितळून सगळ्या पेटीला लागला होता. गोळ्यांच्या पाकिटांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ च्या आसपास असतो, तो सावलीतला. पत्र्याखालच्या बंद खोलीचं काय सांगावं! औषध दुकानदार सभासदाला हे बघून लाज वाटली असणार, कारण दुकानात तो याच गोळ्या थंड कपाटात ठेवतो.

विहिरी आणि टाक्यांसाठी आणलेल्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या डब्याचं झाकण तडकलेलं होतं. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आलाच नाही. चांगल्या ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन मिळतो आणि हजार लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम पुरते. ऊन, दमट हवा आणि उघडं झाकण यांनी तो क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो नुसता चुना. हे टाकून पाणी ‘शुद्ध’ केलं असतं तर लोकांनी ते विश्वासाने प्यालं असतं, आणि हे धोक्याचं झालं असतं. गावातल्या आरोग्यसेविकेने तिच्याकडची पावडर दिली आणि पाण्यात क्लोरीन उतरला का हे दाखवणारी ओटी टेस्ट करून बघितली, म्हणून निभावलं.

बुटांची गोष्ट ऐकायला विनोदी आहे. गटातल्या एका शिक्षकाने चांगले महागडे ट्रेकिंगचे बूट घेऊन जपून ठेवले होते. दोन-तीनदाच घातलेले, डब्यात कागद भरून. बोरीकाठी चिखलात पहिल्या तासातच दोन्ही तळवे भिजलेल्या बिस्किटासारखे विरघळले. बुटाच्या मधल्या थराचा पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं आतून कुजत असतो. गंमत अशी की रोज वापरलेला बूट जास्त टिकतो, कारण चालताना दाबला जाऊन फोममधला ओलावा बाहेर पडत राहतो. चांभाराकडे नेले तर तो म्हणाला, “चिकटवू कशाला सर? चिकटायला खाली काय राहिलंय?” बाकीचे ज्यांनी उसाच्या फडात वापरतात ते साधे गमबूट घातले होते, ते दिवसभर निर्धास्त फिरले.

तंबू

तंबूंवर जरा थांबावं लागेल, कारण त्यात सह्याद्री आणि सोलापूर दोघांचाही हात आहे.

पिशवीतून तंबू काढला तेव्हा आंबलेल्या ओकारीसारखा वास आला. बाहेरच्या कापडाच्या आतला लेप बोटांना चिकटत होता आणि घडी उलगडताना पापुद्रे सुटत होते. बहुतेक मध्यम किमतीच्या तंबूंना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, पाणी तोच अडवतो. त्या लेपाचे रेणू पाण्याने तुटतात, म्हणजे हायड्रोलिसिस होतं. पाणी असेल पण गारवा असेल तर ही क्रिया रेंगाळते. नुसती उष्णता असेल आणि कापड कोरडं असेल तरी ती हळू चालते. दोन्ही एकत्र आली की लेप वाचत नाही.

गट शेवटचा सह्याद्रीत गेला तो २०१९ च्या पावसाळ्यात. भर पावसात तंबू उतरवले, ओले गुंडाळून पिशवीत कोंबले, रात्रीची गाडी धरून सकाळी सोलापूर. सोमवार, प्रत्येकाला कामावर जायचं. ‘संध्याकाळी वाळवू’ म्हणून पिशव्या गच्चीवरच्या खोलीत गेल्या. सोलापुरात आल्यावर एक गैरसमज नेहमी होतो: इथली हवा इतकी कोरडी, की काहीही आपोआप वाळतं. दोरीवर टाकलं तर वाळतंच. पण तंबूची पिशवी स्वतःच पाणी अडवणाऱ्या कापडाची असते. आत गेलेलं पाणी आतच राहिलं आणि वर पत्रा तापत गेला. कोकणातल्या माणसाचा तंबू ओलाव्याने खराब होतो, त्याला निदान बुरशी दिसते. इथे बुरशीसुद्धा आली नाही. वरवर कापड स्वच्छ होतं, त्यामुळे वहीत ‘तंबू ४, उत्तम’ अशीच नोंद होती.

लेप खरवडून नवा लावता येतो, बाजारात त्याचं द्रव मिळतं. पण अख्खा तंबू असा करणं परवडत नाही. खांब शाबूत होते, आतली जाळी शाबूत होती. म्हणून बाहेरचं कापड टाकून दिलं आणि आतले जाळीचे तंबू मच्छरदाणी म्हणून वेगळे ठेवले. पूर ओसरल्यावर डासांची जी फौज उठते ती बघितलेल्याला याचं मोल कळेल. लहान मूल आणि बाळंतीण आत झोपू शकते, खाली गादी टाकली की झालं.

रोप आणि इन्व्हर्टर

खोलीत दोन रोप होते. एक जुना, धुळीने माखलेला, नळदुर्गला वापरून वापरून केसाळ झालेला. तो बाद करायला कुणाची हरकत नव्हती. दुसरा जवळजवळ नवा, चाळीस मीटर, रंग चकचकीत. भांडण झालं ते याच्यावरून.

लॉकडाऊनमध्ये घरमालकांच्या मुलाचं ऑफिसचं काम घरून सुरू झालं, खाली जागा हवी होती, म्हणून इन्व्हर्टर आणि त्याची मोठी ट्युब्युलर बॅटरी गच्चीवरच्या खोलीत गेली. त्यांच्या बाजूने यात गैर काही नाही, घर त्यांचं. बॅटरी ठेवली ती नेमकी भिंतीवरच्या ज्या खुंटीला रोप टांगला होता तिच्या खाली.

लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि त्याबरोबर गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म कण उडतात. रोप असतो नायलॉनचा. नायलॉन ओढ सहन करतो, ताणतो, धक्का पचवतो, म्हणूनच तो चढाईला घेतात. पण खनिज आम्लापुढे तो टिकत नाही. पॉलिएस्टर याबाबतीत पुष्कळ सोशीक. जगभरच्या रोप बनवणाऱ्यांच्या पत्रकांत हेच बजावलेलं असतं: बॅटरीच्या आम्लापासून, त्याच्या वाफेपासूनसुद्धा दूर ठेवा. कारण आम्लाने खाल्लेला रोप बघून ओळखू येईलच याची खात्री नाही. रंग तोच, लवचिकपणा तोच. हातातून सरकवून बघितला तर कुठे गाठ नाही, कुठे मऊ जागा नाही. तोडून बघितल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही, आणि तोडल्यावर तो राहत नाही.

गटाच्या खजिनदारांनी रोप दोन्ही हातांत घेऊन मला दाखवला. “ओ सर, एक ओरखडा दाखवा ह्याला. नवा हाय की. एवढे पैसे मोडून आणलाय.”

“नवा आहे हे मला मान्य आहे,” मी म्हटलं. “पण बॅटरीवर किती महिने टांगला होता?”

“टांगलाच होता ना? कुठं बुडवला होता त्यात?”

मग मी त्यांना एकच विचारलं: या रोपावर तुमच्या मुलीला नळदुर्गच्या बुरुजावरून उतरवाल का? ते गप्प बसले नाहीत. उलट म्हणाले, “तुमचं काय जातंय बोलायला, पैसे आमचे.” हेही खरंच होतं. शेवटी घरमालक काकांनी कात्री आणून दिली. रोप बाद करायचा तर नुसता बाजूला ठेवून चालत नाही, कुणीतरी चांगला दिसतो म्हणून उचलतोच. त्याचे कमरेइतके तुकडे केले. हार्नेस त्याच भिंतीला होते, तेही गेले. धातूचे कॅराबिनर डब्यात होते, ते धुऊन, बिजागरीत तेलाचा थेंब सोडून ठेवले.

आणि खरं सांगायचं तर रोपापेक्षा मोठा धोका त्याच खोलीच्या कोपऱ्यात होता. गॅसच्या कुप्या. त्यांच्यावर ‘५० अंशांवर तापू देऊ नका’ असं लिहिलेलं असतं. वर तापलेला पत्रा, खाली हायड्रोजन सोडणारी बॅटरी, मध्ये ब्युटेन, आणि खिडकी बंद. इन्व्हर्टरच्या स्विचची एक ठिणगी पुरली असती. साहित्य वाचवायच्या चर्चेत ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. कुप्या त्याच दिवशी खाली उतरल्या.

लाइफ जॅकेटबद्दल थोडक्यात. खिडकीतून ऊन येणाऱ्या बाजूचे खांदे फिके पडले होते, पट्टे हाताला खरखरीत लागत होते. खालची तीन जॅकेट तंबूंच्या ओझ्याखाली दबून त्यांचा फोम चपटा झाला होता. दबलेला फोम कमी तरंगतो. सहापैकी एकही ठेवण्यासारखं नव्हतं.

जे शाबूत होतं

ताडपत्र्या मात्र एकदम चांगल्या निघाल्या. याचं कारण शोधायला वेळ लागला नाही. यादीत असल्या तरी त्या खोलीत फारशा नसायच्याच. बागायतदार सभासद सोयाबीन झाकायला नेई, कुणाच्या घरी जावळाचा कार्यक्रम असला की मांडवाला जाई, गणपतीत मंडळाच्या पोरांकडे जाई. कडी तुटली की नेणारा ओरडायचा, भोक पडलं की परत देताना दुसऱ्याला दिसायचं, उंदराने कुरतडली की दुसऱ्याच दिवशी कळायचं. कुणीही ‘देखभाल’ असं काही करत नव्हतं, पण ती होत होती.

पाण्याचे कॅनही तसेच. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे वीस लिटरचा कॅन रिकामा पडून राहील असं घर शोधून सापडणार नाही. कॅन बाहेर गेलेले, घराघरांत रोज भरले-रिकामे केले जात होते, झाकणं घट्ट, आतून घासलेले. पाणीटंचाईबद्दल आपण एरवी नगरपालिकेला, आता महापालिकेला, पिढ्यानपिढ्या शिव्या घालत आलो आहोत. पण टंचाईने इथल्या माणसाला पाणी साठवायची जी सवय लावली, तिच्याइतकी पक्की तयारी कुठल्याही शिबिराने लागत नाही.

आणि खाणं. यादीत बिस्किटं आणि नूडल्स होते, त्यांना उंदीर लागले होते. कामाला आली ती कडक भाकरी. ज्वारीची पातळ थापलेली, खडखडीत वाळवलेली भाकरी कोरड्या डब्यात महिनाभर सहज टिकते. सोबत शेंगा चटणी. चूल भिजलेली, सरपण भिजलेलं, गॅस नाही, अशा घरात ती पाण्यासोबतही खाता येते. सभासदांच्या घरच्या बायकांनी एका रात्रीत टोपलंभर भाकरी उभी केली, आणि बाजारातून आणखी घेतली. हे खाणं कुणी ‘साठवलेलं’ नव्हतं. सोलापूरच्या घरात ते असतंच, खाल्लं जातं आणि परत केलं जातं. शेंगा चटणी मात्र फार दिवस ठेवू नये, उन्हाळ्यात तेल खवट होतं.

बदल कसे केले

खजिनदारांचं म्हणणं होतं की वर्गणी काढू आणि सगळं नवीन आणू. मी विरोध केला. जागा तीच राहिली तर नवीन सामानसुद्धा दोन उन्हाळ्यांत तसंच होणार. आधी ठेवायची जागा, मग खरेदी. यावर बराच खल झाला. काकांनी जिन्याखालची उत्तरेकडची खोली मोकळी करून दिली. अंधारी, पण उन्हाळ्यातही बऱ्यापैकी थंड. तिथे फक्त तंबू, रोप, हार्नेस राहणार. तंबू पिशवीत नाही, जुन्या सुती उशीच्या खोळीत सैल भरून. इन्व्हर्टर गच्चीवरच राहिला.

बाकी सामान ‘ठेवायचं’ नाही असं ठरलं. प्रत्येक वस्तूला एक घर आणि एक पालक. हेडटॉर्च पोरांकडे, त्यांनी ते लाइट गेल्यावर अभ्यासाला वापरावेत. ताडपत्र्या बागायतदाराकडे. औषधाची पेटी दुकानदाराकडे, त्याच्याच दुकानात. गोळ्यांची मुदत संपायच्या काही महिने आधी त्याने त्या विकून टाकायच्या आणि नवीन ठेवायच्या. टीसीएल साठवायचीच नाही, त्याऐवजी क्लोरीनच्या गोळ्यांची पाकिटं ठेवायची. हवाबंद पाकिटातल्या गोळ्या काही वर्षं टिकतात, द्रव क्लोरीन आणि पावडर तेवढी टिकत नाही. गॅसच्या कुप्या मोहिमेच्या आधी आणायच्या, उरलेल्या कुणाच्याही गच्चीवर वा गाडीच्या डिकीत ठेवायच्या नाहीत.

तपासणीच्या वेळा ठरवताना खरी माथाफोड झाली. ट्रेकिंगच्या माहितीपत्रकांत असतं: पावसाळ्याआधी तपासा, पावसाळ्यानंतर वाळवा. ते पुण्या-मुंबईकडे ठीक आहे. सोलापूरला जूनमध्ये चार सरी येऊन पाऊस दडी मारतो आणि वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सरासरीने सप्टेंबरमध्ये पडतो. परतीचा पाऊस इथं दगा देतो, २०२० मध्ये ऑक्टोबरात दिला. आणि सामानाचा सर्वांत वाईट काळ पावसाळा नाहीच, तो मार्च ते मे.

म्हणून वेळा तारखांना न बांधता सणांना बांधल्या, कारण तारखा कुणी लक्षात ठेवत नाही. गड्ड्याची जत्रा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, संपली की उन्हाळ्याची तयारी: सेल काढणं, औषधं बघणं, पॉवर बँक अर्ध्या चार्जवर आणून घरातल्या थंड जागी हलवणं. लिथियम बॅटरी पूर्ण भरून उकाड्यात ठेवली तर ती झपाट्याने म्हातारी होते. अर्धी भरलेली आणि थंड जागेतली पुष्कळ जास्त जगते. गणपती बसायच्या आधीच्या रविवारी सराव: सगळं सामान एका ठिकाणी आणायचं, तंबू उभारायचे, टॉर्च लावायचे, बूट घालून चालायचं. दिवाळीच्या आवराआवरीत सगळं सावलीत पसरून वारं देणं. उन्हात पसरायचं नाही, ही अट घातल्यावर दोन मावश्या हसल्या, कारण गाद्या, लोणची, पापड, सगळं आपण उन्हात घालतो. पण नायलॉनला ऊन आवडत नाही.

प्रत्येक रोप आणि हार्नेसला वहीत स्वतःचं पान मिळालं. कधी बनवला, कधी आणला, कुठं वापरला, धक्का बसला का.

२०२५

सप्टेंबर २०२५ च्या चौथ्या आठवड्यात सीनेला महापूर आला. वरच्या भागात, धाराशिव आणि अहिल्यानगरकडे, कोसळलेला पाऊस आणि धरणांतून सोडलेलं पाणी मिळून माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरची नदीकाठची गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. लोकांना बाहेर काढायचं काम एनडीआरएफ, अग्निशमन दल आणि लष्कराचं होतं. गटाने त्यात हात घातला नाही, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाणी उतरायला लागल्यावर ते शहराच्या बाजूने जाता येईल तिथवर गेले.

यावेळी सराव महिनाभरापूर्वीच झालेला होता. गमबुटांच्या दोन जोड्या उंदरांनी खाल्ल्याचं तेव्हाच कळलं होतं आणि त्या बदलल्या होत्या. टॉर्च पेटले. औषधं तारखेतली होती. ओआरएस सगळ्यात आधी संपलं, आणि दुकानदाराने दुकानातलंच आणखी काढलं. एक पुडी एक लिटरला, ग्लासभर पाण्यात अर्धी टाकून प्यायची नाही, हे घरोघरी सांगावं लागलं. जाळीचे जुने तंबू पाच वर्षांनी परत मच्छरदाणी झाले.

बिघडलं तेही सांगायला हवं. हेडटॉर्चपैकी तीन पुण्यात होते. पालक पोरं शिक्षण संपवून नोकरीला गेली आणि टॉर्च सोबत गेले. सोलापूरची ही नेहमीची रड, पोरं पुण्याला जातात. सामानाच्या यादीत तिची तरतूद करायला हवी होती. आता शहर सोडताना वस्तू परत करायची अशी ओळ वहीत आली आहे. एका सभासदाने पॉवर बँक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली होती, ती फुगली. फुगलेली पॉवर बँक टोचायची, दाबायची वा पुन्हा चार्ज करायची नसते; वाळूच्या बादलीत घराबाहेर ठेवून ई-कचऱ्यात दिली. गावांत वीज बंद होती आणि लोकांना खाण्याआधी मोबाइल चार्ज करून हवे होते, नातेवाइकांना ‘आम्ही ठीक आहोत’ एवढं कळवायला. याचा अंदाज कुणालाच नव्हता. बागायतदाराने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्जर लावून दिले, तेवढ्यावर दोन दिवस निघाले. ११२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना माहीत होते. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ मोजक्यांनाच.

लाइफ जॅकेटवर गटात अजून एकमत नाही. २०२१ मध्ये चार नवीन घेतली, सावलीत टांगून ठेवली, दरवर्षी पोहण्याच्या तलावात जीवरक्षकासमोर घालून बघतात. पुरात ती निघाली नाहीत. माझं मत असं की प्रशिक्षण नसलेल्या गटाकडे ती नसावीतच. जॅकेट हाताशी असलं की एखादा पोरगा पाण्यात उतरतो, आणि वाहत्या पुरात जॅकेट घातलेला माणूसही झाडाच्या फांद्यांत, तारेच्या कुंपणात अडकतो. खजिनदार म्हणतात, उजनीच्या होडीवर ती लागतातच, मग ती मी माझ्याच घरी ठेवीन. तूर्त तसंच चाललं आहे.

नवा रोप जानेवारी २०२१ मध्ये बनलेला आहे. वहीतल्या त्याच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘जानेवारी २०३१, बाद’ असं आत्ताच लिहून ठेवलंय, तोपर्यंत तो वापरला जावो वा न जावो. कापडी साहित्याला बहुतेक कंपन्या दहा वर्षांची कमाल मर्यादा देतात. त्यासाठी दर महिन्याला थोडी वर्गणी बाजूला पडते, आणि ती गोळा करतात तेच खजिनदार.